विज्ञानशिक्षकाच्या अभ्यासाला वेळापत्रकात जागा द्या

शिक्षकांनी अपडेट राहायला पाहिजे असं सगळेच म्हणतात, पालक म्हणतात, अधिकारी म्हणतात, प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे तर हमखास म्हणतात, पण कधी, कोणाच्या वेळेत आणि नक्की कशात अपडेट राहायचं असं विचारलं की गाडी तिथेच अडते. मी विज्ञान शिकवते, बरीच वर्षं शिकवतेय, आणि माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःच्या विषयाचा अभ्यास चालू ठेवणं हा विज्ञानशिक्षकाच्या नोकरीचाच भाग आहे, त्यामुळे तो नोकरीच्या वेळेत, वेळापत्रकात तासिका लावून, बरोबरच्या शिक्षकांसोबत झाला पाहिजे, आणि तो विषयाचाच झाला पाहिजे. घरचं सगळं आवरून, वह्या तपासून झाल्यावर रात्री ज्याला जमेल त्याने काहीतरी वाचावं, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही, हे सगळं नशिबावर सोडून देणं झालं.

आधी विषयज्ञान जुनं होतं म्हणजे काय होतं ते बघू, कारण घोळ इथूनच सुरू होतो. सगळ्यात वरवरचं म्हणजे माहिती जुनी होणं. प्लुटो २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून बाहेर गेला, २०१६ मध्ये चार मूलद्रव्यांना निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसॉन ही नावं मिळून आवर्तसारणीची सातवी ओळ भरली, मार्च २०२५ मध्ये शनीचे एकदम १२८ नवे चंद्र मान्य झाले आणि आकडा २७४ वर गेला. असल्या गोष्टी एखाद्या शिक्षकाला माहीत नसल्या तर खरं म्हणजे फार बिघडत नाही, वर्गातलं कोणीतरी मूल सांगतंच, शिक्षक म्हणतात अरे वा, बघू या, आणि तास पुढे जातो. पण अपडेट राहणं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर हेच येतं, क्विझसारखी माहिती गोळा करणं. प्लुटोचंच घ्या, तो आता ग्रह नाही हे एक वाक्य सांगून काय होणार? २००५ मध्ये एरिस हा जवळपास प्लुटोएवढाच गोल सापडल्यावर खगोलशास्त्रज्ञांसमोर काय पेच पडला, त्याला दहावा ग्रह म्हणायचं तर तसले पुढे अजून किती सापडतील आणि ते सगळे मोजत बसायचे का, आणि मुळात ग्रह कशाला म्हणायचं हे तोपर्यंत कोणी नीट ठरवलंच नव्हतं का, ही चर्चा वर्गात आणण्यात खरी मजा आहे आणि ती आणायची तर शिक्षकाने बातमीच्या एक पायरी खाली उतरून वाचलेलं असावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे व्याख्या किंवा ठरलेली मानकं बदलणं. किलोग्रॅमचंच घ्या. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजे एक किलोग्रॅम, असं आपण सगळे शिकलो. २० मे २०१९ पासून ती व्याख्या गेली, आता प्लँकच्या स्थिरांकाची किंमत ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ ज्यूल सेकंद इतकी पक्की धरून किलोग्रॅम ठरतो. हे वाक्य पाठ करून मुलाच्या हाती काही लागत नाही. त्याच्या हाती लागतं ते या गोष्टीतून, की त्या दंडगोलाच्या अधिकृत प्रतिकृती अधूनमधून त्याच्याशी ताडून बघितल्या तेव्हा शंभरेक वर्षांत साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडलेला दिसला, आणि बदललं कोण, प्रतिकृती की मूळ दंडगोल, हे सांगायला काही मार्गच नव्हता, कारण व्याख्येनुसार मूळ दंडगोल चुकूच शकत नव्हता! हा मुद्दा नववीच्या वर्गासमोर ठेवून बघा, मापन म्हणजे काय यावर मुलं अर्धा तास भांडतात.

रसायनातलं एक उदाहरण पटकन सांगते. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ ॲटमॉस्फियरऐवजी १ बार धरायचं ठरवलं, त्यामुळे ० अंश सेल्सिअसला एक मोल आदर्श वायूचं आकारमान २२.४ लिटरऐवजी २२.७ लिटर झालं. चाळीस वर्षं उलटून गेली याला. तरी २२.४ आपल्या तोंडात बसलेलं आहे, आणि दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले की मुलं गोंधळतात आणि आपण आपल्या पुस्तकात आहे ते लिही म्हणून विषय संपवतो, म्हणजे जिथे खरंखुरं शिकवायची संधी होती तिथेच दार बंद.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रकार तिसराच आहे, ज्यात नवीन शोध वगैरे काही लागलेला नसतो, पिढ्यानपिढ्या सांगितलेलं स्पष्टीकरण मुळातच चुकीचं असतं. एक प्रयोग जवळून बघा. ताटलीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. सांगितलं असं जातं की ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एकपंचमांश असतो आणि बघा पाणीही साधारण एकपंचमांशच चढलं. इतकं छान जुळतं की कोणाला शंकाच येत नाही. आता तोच प्रयोग नीट लक्ष देऊन करा. मेणबत्ती जळत असते तोपर्यंत पाणी फारसं हलतच नाही, ती विझली की मग भराभर चढतं. ऑक्सिजन तर जळताना वापरला गेला ना, मग पाणी विझल्यावर का चढावं? ग्लास घालताना काठाखालून बुडबुडे बाहेर येतात ते कसले? आणि मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, ग्लास तोच, आतला ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी आणखी वर जातं. होतं असं की ज्योतीमुळे हवा तापते, पसरते, थोडी बाहेर निसटते, ज्योत विझली की आत उरलेली हवा गार होऊन आकसते, दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते, मुख्य कारण हे. ऑक्सिजन संपत तर नाहीच, तो साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती विझते, आणि मेण जळताना जेवढा ऑक्सिजन जातो त्याच्या जवळपास दोनतृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो जो पाण्यात काही लगेच विरघळत नाही. म्हणजे २१ वरून १६, गेले पाच, त्यातला एकतृतीयांश धरा, ऑक्सिजन खर्च झाल्यामुळे होणारी घट दोन टक्क्यांच्याही आत येते. एकपंचमांश कुठे आणि हे कुठे.

आता मला सांगा, हे कोणत्या बातमीत येणार आहे? कोणत्या पुरस्काराच्या घोषणेत येणार आहे? कुठेच नाही. हे कळायला प्रयोग स्वतःच्या हाताने परत करावा लागतो, आणि शेजारी कोणीतरी उभं असावं लागतं जे म्हणेल की थांबा, विझल्यानंतर का चढलं ते सांगा आधी. एकट्याने करताना आपण ठरलेलं उत्तर मनात धरूनच बघतो आणि तेच दिसतं. हे फक्त शाळेत होतं असंही नाही बरं का. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं १९२० च्या दशकापासून धरून चाललेलं होतं, १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान या संशोधकांनी ती ४६ असल्याचं दाखवलं, आणि त्यांच्या त्या निबंधातच नोंद आहे की त्याआधी काही सहकाऱ्यांनी ४८ सापडेनात म्हणून आपलं काम मधेच थांबवलं होतं. समोर ४६ दिसत होती, पण पुस्तकात ४८ होती. मोठ्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या माणसांचं असं होत असेल तर दिवसाला पाच-सहा तास घेणाऱ्या शिक्षकाने एकट्याने, कोणाशी न बोलता, सगळं पारखून घ्यावं ही अपेक्षा कशी धरायची?

चौथा प्रकार तर कोणी बोलतच नाही. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कित्येकांनी विज्ञानाच्या एकाच शाखेत पदवी घेतलेली असते आणि शिकवायच्या असतात तिन्ही शाखा. जीवशास्त्र घेऊन आलेली बाई विद्युतधारा शिकवते, रसायनवाले सर उत्क्रांती शिकवतात. अशा वेळी त्यांना क्वांटम कॉम्प्युटरवर व्याख्यान देऊन काय उपयोग? त्या जीवशास्त्रवाल्या बाईला हवंय ते वेगळंच आहे. मुलगा विचारतो, मॅडम, तारेतले इलेक्ट्रॉन बटण दाबल्या दाबल्या बल्बपर्यंत कसे पोचतात? खरं उत्तर असं की ते पोचतच नाहीत. एक चौरस मिलिमीटर छेद असलेल्या तांब्याच्या तारेतून एक ॲम्पियर धारा जात असेल तर इलेक्ट्रॉनांच्या पुढे सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर येतो, एक मीटर जायला पावणेचार तास! बल्ब लगेच लागतो कारण विद्युत क्षेत्र तारेभर जवळजवळ तत्क्षणी प्रस्थापित होतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच सरकायला लागतात. हा हिशेब स्वतः एकदा मांडून बघितला की तो धडा शिकवण्याची पद्धतच बदलते, पण तो मांडायला सोबत भौतिकशास्त्रवालं कोणीतरी पाहिजे आणि निवांत पाऊण तास पाहिजे. या पाऊण तासाला मी विषयज्ञान ताजं ठेवणं म्हणते.

यात अजून एक पदर आहे. २०१३ मध्ये विज्ञानशिक्षणावर संशोधन करणारे अमेरिकेतले फिलिप सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शिक्षकांना दोन गोष्टी विचारल्या होत्या, प्रश्नाचं बरोबर उत्तर कोणतं आणि मुलं सर्वात जास्त कोणतं चुकीचं उत्तर निवडतील. ज्या प्रश्नांमध्ये मुलांचा एखादा ठाम गैरसमज असतो तिथे, दोन्ही सांगता येणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुलं जास्त शिकली, नुसतं बरोबर उत्तर माहीत असणाऱ्यांच्या वर्गात तेवढी नाही. म्हणजे विज्ञानशिक्षकाचं विषयज्ञान संशोधकाच्या विषयज्ञानासारखं नसतं, त्यात मूल कुठे अडकतं याचं ज्ञानही मोडतं. उन्हाळा पृथ्वी सूर्याच्या जवळ गेल्यामुळे येतो असं मुलाच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं, तिथे नुसता कललेल्या आसाचा धडा वरून ओतला तर तो खाली उतरत नाही. आधी त्याला हे दाखवावं लागतं की पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वात लांब, १५ कोटी २० लाखांवर, आणि जुलैत उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो. हा आकडा कधी बाहेर काढायचा हे कळणं हेही विषयज्ञानच.

आणि आपली प्रशिक्षणं बघा. त्यात शिकवण्याच्या पद्धती असतात, मूल्यमापनाचे नवे तक्ते असतात, नवीन ॲप कसं वापरायचं हे असतं, स्लाइडवर स्लाइड असतात, शेवटी फीडबॅक फॉर्म आणि ग्रुप फोटो. पद्धतींना माझा विरोध नाही, त्या लागतातच, पण विज्ञानाचे शिक्षक, भाषेचे शिक्षक, इतिहासाचे शिक्षक एकाच हॉलमध्ये बसवून एकच सत्र दिलं तर त्यात विज्ञान येणार कुठून? परत येताना कोणाच्या हाताला शाई लागलेली नसते की ॲसिड, एक सर्किट जोडलेलं नसतं, एक काच घासून मायक्रोस्कोपखाली धरलेली नसते. वर त्या दिवसांचे बुडलेले तास नंतर भरून काढायचे असतात ते वेगळंच. शिक्षक प्रशिक्षणाला कंटाळतात अशी तक्रार ऐकली की मला वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच जणांना मी एखादा जुना स्पेक्ट्रोमीटर हाताला लागल्यावर जेवणाची सुट्टी विसरताना बघितलंय.

इंटरनेटवर सगळं आहे, शोधा आणि वाचा, हे उत्तर नेहमी मिळतं. आहे ना, भरपूर आहे आणि त्यातलं बरंच उत्तम आहे, चांगल्या व्हिडिओंनी माझं स्वतःचं शिकवणं सुधारलंय हे मी आनंदाने सांगते. पण शोधायला आधी शंका यावी लागते. मेणबत्तीचं स्पष्टीकरण बरोबरच आहे अशी खात्री असलेला माणूस ते कशाला शोधेल? आता एआयला विचारा म्हणतात, तेही विचारावं, पण ते चुकीचं उत्तरही तितक्याच सफाईने देऊ शकतं आणि ते ओळखायला परत तेच लागतं, स्वतःचं पक्कं ज्ञान. बातम्यांचं अजून वेगळं. डिसेंबर २०१० मध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरू शकणाऱ्या जिवाणूची केवढी मोठी बातमी झाली, कित्येक शिक्षकांनी उत्साहाने वर्गात सांगितली असणार आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. २०१२ मध्ये दुसऱ्या गटांनी तो दावा खोडून काढणारे निष्कर्ष छापले आणि २०२५ मध्ये ज्या नियतकालिकात तो निबंध आला होता त्यानेच तो मागे घेतला. पहिली बातमी सगळ्यांपर्यंत पोचली, नंतरच्या किती जणांपर्यंत पोचल्या? नुसतं बातम्या वाचून अपडेट राहणारा शिक्षक इथे अर्धवट राहतो, त्यात त्याचा आळस नाही, त्याला पाठपुरावा करून सांगणारं कोणी नसतं एवढंच.

डॉक्टर नाही का स्वतःच्या वेळेत वाचत, असं पालक म्हणतात. डॉक्टरांकडे केस असते, त्या केसवर बोलणारे सहकारी असतात, परिषदा असतात, आणि कित्येक ठिकाणी नोंदणी टिकवायला ठरावीक तासांचं शिक्षण सक्तीचं असतं, म्हणजे आखलेली रचना आहे तिथे. शिक्षकांसाठीही काही ठिकाणी आहे. सिंगापूरमध्ये शिक्षकांना वर्षाला १०० तासांपर्यंत स्वतःच्या शिक्षणासाठी मिळतात. जपानमध्ये शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात आणि नंतर त्यावर सविस्तर बोलतात, ही पद्धत तिथे फार जुनी आहे. सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा १९९८ पासून शाळेतल्या शिक्षकांना बोलावून त्यांच्यासाठी कार्यक्रम घेते. म्हणजे हे अशक्य वगैरे काही नाही.

मला हवंय ते याहून साधं आहे. आठवड्यात एक तासिका अशी की शाळेतले विज्ञानाचे सगळे शिक्षक एकाच वेळी मोकळे असतील, आणि छोट्या शाळेत एकच विज्ञानशिक्षक असेल तर आजूबाजूच्या तीनचार शाळांनी मिळून ती लावावी, फोनवरून व्हिडिओ कॉलवर बसले तरी चालेल. त्यात येत्या पंधरवड्यात शिकवायचे पाठ घ्यायचे, त्यातला एक तरी प्रयोग स्वतः करायचा, मागच्या बॅचने कोणती चुकीची उत्तरं लिहिली होती ती समोर ठेवायची. एक वही ठेवायची ज्यात मुलांनी विचारलेले आणि आपल्याला उत्तर न आलेले प्रश्न लिहायचे, कोणत्या वर्गात कोणी विचारला यासकट. या वहीवर माझा फार भरवसा आहे. जवळच्या कॉलेजातले किंवा संशोधन संस्थेतले कोणी यायला तयार असतील तर त्यांनी व्याख्यान द्यायचं नाही, ही वही घेऊन बसायचं, कारण व्याख्यानात त्यांना येतं ते आपल्याला कळतं आणि वहीत आपल्याला अडतं ते त्यांना कळतं. जमलं तर वर्षातले काही दिवस प्रत्यक्ष प्रयोगशाळेत, अगदी नळ्या धुण्यापासून, म्हणजे आकडे किती घोळ घालतात, उपकरण कसं दगा देतं आणि तरी शेवटी खात्री कशी पटते हे शिक्षकाला आतून कळेल, वर्गात विज्ञानावर विश्वास का ठेवायचा हे सांगताना हाच अनुभव कामी येतो.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. शिक्षक शिकला, त्याला कळलं की पुस्तकातलं अमुक चुकीचं आहे, आणि परीक्षेत मार्क तर पुस्तकातल्याच उत्तराला. मग त्याने काय करायचं? माझं मत ठाम आहे, वर्गात खरं तेच सांगायचं, आणि पेपरमध्ये काय अपेक्षित आहे तेही उघडपणे सांगायचं, दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी. मुलं याने गोंधळतात असं म्हणतात, मला तसं दिसलेलं नाही, मुलं उलट जागी होतात, पुस्तक माणसांनीच लिहिलंय आणि ते तपासता येतं हे त्यांना पहिल्यांदा कळतं. पण हे ओझं कायम शिक्षकानेच का वाहायचं? पुस्तक तयार करणाऱ्या आणि पेपर काढणाऱ्या मंडळींनाही अभ्यासाच्या याच साखळीत आणायला पाहिजे. शिक्षकाने पुराव्यासकट चूक कळवली तर ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळालं पाहिजे, चूक मान्य असेल तर त्याच वर्षी शुद्धिपत्रक निघालं पाहिजे आणि तपासनिसाला दोन्ही उत्तरांना गुण द्यायची सूचना गेली पाहिजे. आज चूक कळवणारा शिक्षक पत्र पाठवतो, वाट बघतो, आणि दोन वर्षांनी पाठवायचंच सोडून देतो.

राहता राहिला तासिका आणायची कुठून हा प्रश्न. मुलांच्या वाट्याचा वेळ तोडायची गरज नाही. शिक्षकाच्या आठवड्यातला जो वेळ तक्ते भरण्यात, तीच माहिती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऑनलाइन चढवण्यात, कार्यक्रमांचे फोटो आणि अहवाल पाठवण्यात जातो तो एकदा नीट मोजा, त्यातलं जे काम कार्यालयाचं आहे ते कार्यालयाकडे द्या, एक तासिका सहज निघते. आणि ती वेळापत्रकात लागल्यावर तिच्यात गैरहजर शिक्षकाचा बदली तास लावायचा नाही, तपासणी आली तरी नाही, स्नेहसंमेलन तोंडावर आलं तरी नाही, एवढा एक नियम मुख्याध्यापकांनी पाळायचा.